सहा भागांचं हसू

मत्सर हा दुर्गुण माझ्यात नाही, हे आधीच सांगून टाकते. पहाटे पाचला जप, सकाळी अकरा ते बारा मौन आणि दुपारच्या जेवणापर्यंत कुणाची निंदा करायची नाही, हे माझे रोजचे नेम. (जेवणानंतर थोडी चालते.) अशा बाईला धाकट्या जावेचा हेवा वाटेल का?

आता ती टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत अकरा वर्षं भांडकुदळ शेजारीण होती, रस्त्यात लोक तिला थांबवतात, आणि दातांच्या डॉक्टरांनी माझा उपटलेला दात चिमट्यात तसाच धरून "त्या तुमच्या कोण हो?" असं विचारलं, ही गोष्ट वेगळी! तिची मालिका लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची. नळ मोठा सोडून. अकरा वर्षांत आमच्या भांड्यांना आरशासारखी चकाकी आली.

खरं तर टीव्हीवर मी तिच्या आधी आले. दिसले नाही, ऐकू आले! तरुणपणी मी टीव्ही केंद्रात टायपिस्ट होते. तिथे हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीवर एक विनोदी मालिका निघाली. चित्रीकरण बघायला ऑफिसातली माणसं बसवायची आणि त्यांचं हसू टेपवर घ्यायचं, अशी तेव्हाची पद्धत. माझं बोलणं इतकं हळू की समोरचा दर वाक्याला "हं?" करतो. पण हसू! आधी किटलीला उकळी फुटते, मग तीन उचक्या, आणि शेवटी फाटकाची बिजागरी कुरकुरते. ध्वनिमुद्रकांनी माझ्यासमोर वेगळा माइक ठेवला होता! मालिका सहा भागांत बंद पडली. मी मात्र ती काळजात धरून बसले.

तर यंदा केंद्राने 'सर्वश्रेष्ठ दहा विनोदी मालिका' निवडायचं ठरवलं. जुन्या टेपांची नोंदवही माझ्याच हातची, म्हणून मलाही समितीत घेतलं. मनात म्हटलं, आता बघतेच! म्हणजे, न्याय होतो की नाही ते बघते.

समितीत मी धरून चौघं. अध्यक्ष म्हणजे केंद्राचे निवृत्त संचालक. दुसरे वर्तमानपत्रातले समीक्षक. आणि तिसरे ते जुने ध्वनिमुद्रक, जे खुर्चीत बसले की डोळे मिटतात.

"सहा भाग म्हणजे मालिका नव्हे बाई, उचकी आहे!" अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या जाऊबाईंची बघा. अकरा वर्षं!"

"लांबी मोजायची तर मग सर्वश्रेष्ठ सुतळीचा गुंडा," मी म्हणाले.

"हं?" तिघंही म्हणाले.

शेवटी समीक्षकांनी तोडगा काढला. दोन्हींचा एकेक भाग लावायचा. खोलीत ज्याला हसू जास्त, त्याचा क्रमांक वर. आधी आमची कचेरी लागली; तिच्या टेपवरचं माझं हसू मात्र अध्यक्षांनी मोजणीत धरलं नाही. समीक्षक सात वेळा हसले, अध्यक्ष चार. ध्वनिमुद्रक झोपेत एकदा. बारा! मी आनंदाने घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. मी तोंड मिटलं आणि मौन धरलं.

मग जावेची मालिका लागली. मी दगडासारखी बसले. तिने दारात पाय ठेवला, मालिकेतल्या सासऱ्यांच्या हातातली कवळी बघितली आणि म्हणाली, "ही बोलते का, का तुम्हीच बोलायचं?"

खोलीत किटली उकळली. तीन उचक्या. बिजागरी.

सगळे माझ्याकडे वळले.

"अहो बाई, तुम्ही हसलात!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "प्रत्यक्ष तुम्ही! एक!"

मी जोरजोरात मान हलवली. मौनात बोलणार काय?

"मान हलवतायत, पण हसू आवरत नाहीये," समीक्षक म्हणाले.

पुन्हा किटली! मी घाबरून तोंडावर रुमाल दाबला. तो तर आणखी घात झाला.

"दाबू नका हो, जीव जाईल! दोन!"

तिसऱ्या विनोदाला मी दोन्ही हातांनी ओठ घट्ट धरले, डोळे विस्फारले, पायांनी 'नाही, नाही' केलं. समीक्षक धावत पाणी घेऊन आले. भाग संपला तेव्हा माझ्या एकटीच्या नावावर एकोणीस वेळचं हसू होतं! माझी सहा भागांची मालिका मीच बुडवली होती, आणि तेही न हसता!

तेवढ्यात ध्वनिमुद्रकांनी एक डोळा उघडला.

"बाई नाही हसल्या," ते म्हणाले. "टेप हसली. ती कचेरीवाली मालिका बंद पडली, हसू तेवढं शिल्लक राहिलं. इतकं चांगलं हसू टाकून कसं द्यायचं? मी ते नव्या मालिकेला लावलं. अकरा वर्षं."

मी कागद ओढून लिहिलं, 'म्हणजे तिच्या विनोदाला कुणीच हसलं नाही!' (ही निंदा नव्हे, माहिती.)

अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. "कुणीच कसं? तुम्ही हसलात की! अकरा वर्षं, न चुकता!"

मी कागद चुरगळून पर्समध्ये टाकला.

यादी रविवारी छापून आली. जाऊ वर्तमानपत्र घेऊन धावतच घरी आली. तिची मालिका पहिली. आमची कचेरी दहावी. आणि दहावीच्या खाली बारीक टाइपात : 'या व पहिल्या क्रमांकाच्या मालिकेतील अजरामर हास्य सुप्रसिद्ध अभिनेत्रीच्या जाऊबाईंचे.' बस्स. माझं नाव नाही!

जावेचे डोळे भरून आले होते. "ताई, घरात तुम्ही एकदासुद्धा माझी मालिका बघितली नाहीत. मला किती लागायचं ते! आणि इकडे दर विनोदाला तुम्हीच हसत होतात! तुम्ही नसतात तर मी दुसऱ्या आठवड्यातच घरी बसले असते." तिने मला मिठी मारली. "आणि आपली कचेरीपण आली हो यादीत! दहावी का होईना!"

आपली!

"आम्ही सहा भागांत आलो," मी तिच्या खांद्यावरून म्हणाले. "तुला अकरा वर्षं लागली."

"हं? काय म्हणालात, ताई?"

"काही नाही गं. चहा ठेवू का, म्हटलं."