अर्धा ग्लास थिनर

सुग्रीवनं त्या दिवशी ठरवलं, की यंदा शेळ्यांच्या पाठीवर ऑइलपेंटचा लाल पट्टा आपणच ओढायचा. ठरवलं एवढंसंच. पाली गावात आपल्या शेळ्या दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून सगळेच ओढतात. पण सुग्रीवच्या हातून शेळ्या कमी आणि सुग्रीवच जास्त रंगला. (एक शेळी तर कोरीच राहिली. हे मात्र कोपरापर्यंत लालभडक!)

मग त्यानं घमेल्यात ग्लासभर थिनर ओतलं, हात खसाखसा चोळले, आणि घमेलं तसंच उन्हात ठेवून शेजारच्या हरिबाकडं चहाला गेला. दुपारी परतला तर लेक ऋतुजा कमरेवर हात ठेवून उभी. बीडच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकते, सुट्टीला आलेली.

"आबा, थिनरनं हात धुतले? अवो, ते कातड्यातून आत जातंय!"

"किती जातंय?"

"असं कसं सांगू? मोजावं लागतंय. थांबा, साबण आणते."

मोजायचं म्हटल्यावर सुग्रीव थांबतोय कशाला! घमेल्यातलं थिनर त्यानं परत ग्लासात ओतलं. ग्लास अर्धाच भरला. राहिलेलं अर्धं कुठं गेलं? त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. अर्धा ग्लास आत! तो बाजेवर आडवा झाला आणि बायकोला हाक मारली.

"वनमाला, मी चाललो."

"कुठं?"

"वर."

"जेवून जावा की. भाकरी टाकल्यात."

"चेष्टा न्हाई गं. जाताना खोटं नको म्हणून सांगतो. तुझी चंद्री शेळी लांडग्यानं न्हाई नेली. धरणाच्या कडंला आमी चौघांनी शिजवली."

वनमालानं हाताचं पीठ झटकलं. त्या शेळीपायी ती तीन दिवस जेवली नव्हती. आणि नवरा पण दुःखात म्हणून त्याला बिचारीनं तीन दिवस शिरा खाऊ घातला होता.

"रस्सा कसा झालता?"

"लई झकास," सुग्रीव म्हणाला. (मरताना माणूस खरंच बोलतो.)

ऋतुजा साबण घेऊन आली, सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. तिनं तो अर्धा ग्लास परत घमेल्यात ओतला, उन्हात ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. तासाभरानं मोजलं तर पाव ग्लास!

"आता हे कुणी पिलं, आबा? घमेल्यानं? उडालं ते हवेत! तुमच्यात थोडंसंच गेलं असंल. पण पुन्हा हात घालू नका, आन् आधी साबणानं धुवा."

सुग्रीव टुणकन उठला. वाचलो! आनंदाच्या भरात त्यानं त्या कोऱ्या शेळीचा मुकाच घेतला. मग बायकोकडं वळला. "मघाशी काय काय बरळलो बघ! थिनर डोक्यात गेलतं."

"थिनर उन्हानं उडालं, पटलं मला," वनमाला म्हणाली. "माझी चंद्री कशानं उडाली?"

आणि तिनं रंगाचा डबा उचलून त्याच्या उघड्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल पट्टा ओढला.

"पुन्हा धरणाकडं दिसलं, तर लोकांना कळू द्या कुणाचं जनावर हाय ते."

पट्टा अजून आहे. थिनरला हात लावायची सुग्रीवची छाती नाही.