घाईचा दर

साहेब, तोंडावर सांगतो: रस्ता तुम्ही अडवलात. दगड टाकून अडवला असता, तर चार शिव्या हासडून लोक वळसा घालून गेले असते. तुम्ही तो अभ्यास करून अडवलात.

महामार्गावर जादा टोल भरणाऱ्यांसाठी एक जलद मार्गिका होती. तिचा दर किती असावा, हे शोधायचं कंत्राट एका संशोधन संस्थेला दिलेलं होतं. ते वाढवून द्यावं का, हे तपासायला एक मूल्यमापक नेमला होता. हा गृहस्थ अहवाल खरोखर वाचायचा, त्यामुळे खात्यात त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं जाई. अहवालात म्हटलं होतं, 'अभ्यास सुरू झाल्यापासून जलद मार्गिकेवरील कोंडी सातत्याने वाढत आहे. सबब अभ्यास वाढवावा.' त्याला बैठकीत एवढंच विचारायचं होतं: का? पण वेळेवर पोचणं भाग होतं, कारण गैरहजर सदस्याची संमती आहे असं धरायचा नियम होता.

वाटेत सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे सोडायचं होतं. उशीर नको म्हणून त्याने गाडी जलद मार्गिकेत घातली, आणि ती जी थांबली ती थांबलीच.

"जावईबापू, ही जलद ना?" गालावर हात धरून सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग शेजारून तो रोडरोलर पुढे गेला तो कसा?"

मुंगीच्या पावलांनी सरकत गाडी रांगेच्या तोंडाशी आली. तिथे छत्रीखाली खुर्ची टाकून, हातात टॅब घेऊन एक संशोधक बाई बसल्या होत्या.

"नमस्कार. इथे थांबावं लागू नये, म्हणून तुम्ही किती द्याल?"

"अहो, पण थांबवलंय तुम्हीच!"

"न थांबवता विचारणार कसं?"

सासूबाईंनी काच खाली केली. "आधी तुम्ही भाव सांगा."

बाईंनी सांगितला. सासूबाईंनी निम्म्यावर आणला. बाईंनी टॅबकडे पाहिलं.

"मावशी, आता वाढला. मागे रांग लांबली, की दर आपोआप चढतो."

"रांग कशानं लांबली?"

"तुम्ही घासाघीस करताय म्हणून."

"मग मी गप्प बसते."

"गप्प बसलात तर 'समाधानी' लिहावं लागेल."

घासाघीस केल्यावर भाव चढणारं दुकान सासूबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना चेव आला. दाढ विसरून त्या पदर खोचून खाली उतरल्या आणि दर झाडावर चढल्यासारखा चढू लागला. इकडे बैठकीची वेळ टळत चाललेली. शेवटी मूल्यमापकाने डोकं बाहेर काढून बोंब ठोकली, "अहो बाई, काय हवं ते घ्या, पण मला सोडा!"

टॅब 'टिंग' करून वाजला. बाईंचे डोळे पाणावले. "इतकं निखळ उत्तर पहिल्यांदाच मिळालं हो!"

डॉक्टर राहिला बाजूला. सासूबाईंना गाडीतच बसवून तो तसाच बैठकीत घुसला, तर आत टाळ्यांचा कडकडाट. भिंतीवरच्या पडद्यावर त्याचंच वाक्य झळकत होतं.

"या, या!" अध्यक्ष म्हणाले. "तुमचा अभिप्राय तुमच्याआधीच पोचला."

"पण मी विरोध करायला आलोय!"

"उशिरा आलात. गैरहजर म्हणून तुमची संमती धरली, कंत्राट वाढवलं. दरही ठरला. तुमच्यासारख्या जाणकारानेच सांगितला म्हटल्यावर शंका कसली?"

परतताना मार्गिकेच्या तोंडाशी नवी पाटी लागली होती: 'दर: काय हवं ते.' खाली बारीक अक्षरात: 'जे गप्प बसले, ते समाधानी आहेत.'

"जावईबापू," सासूबाई कण्हत म्हणाल्या, "निदान हॉर्न तरी वाजवा."

त्याने वाजवला. तो एकटाच वाजला. मागे नजर पोचेल तिथवर गाड्या उभ्या होत्या, काचा वर, आत थंडगार हवा, सगळे निमूट.

साहेब, त्याच्या 'का?'चं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. आणि काच वर करून हसणाऱ्या मंडळींनो, त्याच्या मागची गाडी तुमचीच होती. तुम्ही काय बोललात? सांगा. गप्प बसलात, तर काय लिहिलं जातं ते ठाऊक आहेच.