साल निर्दोष आहे

फळबाग खात्याच्या नियमानुसार संत्र्याचे वय सालीवरून ठरते; आत काय आहे हा खात्याचा विषय नाही. निरीक्षकांनी सव्वीस वर्षे हेच काम निमूटपणे केले होते. खात्याच्या रंगतक्त्यातल्या नारिंगी चौकोनाशी साल जुळली की तोडणीचा परवाना, नाहीतर पुढची तारीख.

यंदा खात्यानेच शिफारस केली, की साल लवकर म्हातारी होऊ नये म्हणून रंग चढण्याआधी जिब्रेलिक ॲसिड फवारावे. एका बागमालकीणबाईंनी ते शिफारशीप्रमाणे, मोजूनमापून फवारले. औषध गुणाचे निघाले. इतर बागांतल्या साली सैल पडल्या, डागाळल्या. बाईंच्या मात्र टणक, तुकतुकीत आणि हिरव्या राहिल्या.

निरीक्षकांनी तक्ता लावला आणि शेरा मारला : अपक्व. बाईंनी एक फळ सोलून पुढे केले. रस मनगटावरून ओघळला. इतके गोड संत्रे निरीक्षकांनी जन्मात खाल्ले नव्हते.

"पिकलंय की नाही, साहेब?"

"पिकलंय हो, ताई. पण चवीला रकाना नाही."

तरी त्यांना राहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वर लिहिले, की फळ चाखून परवाना द्यावा. वरून उत्तर आले, की औषध खात्याचे आणि तक्ताही खात्याचा, तेव्हा चूक फळाची असणार. शिवाय नमुना खाऊन लाभ घेतल्याचा खुलासा करावा. पेन्शन डोळ्यांपुढे नाचू लागली. निरीक्षकांनी खुलासा दिला : फळ आंबट होते, सबब लाभ झाला नाही. खात्याने तो ग्राह्य धरला आणि त्याच पुराव्यावर तोडणी दोन महिने पुढे ढकलली.

दोन महिन्यांनी सालीवर असा काही रंग चढला, की तक्ताच फिका वाटावा. बाईंनी फळ चिरले. आत कापूस.

"नापास करा, साहेब. माझ्या बागेच्या नावाने हे नको जायला."

"नापास करायला कारण लागतं, ताई," निरीक्षक खाली मान घालून म्हणाले. "साल तर निर्दोष आहे."

आणि त्यांनी प्रथम श्रेणीचा शिक्का उठवला.

बाजारात त्या पेट्यांवर झुंबड उडाली. शेजारच्या पाटीत कुणाची तरी सुरकुतलेली, रसाने जड झालेली संत्री निम्म्या भावात पडून होती. त्यातले एक तुम्ही उचललेत, डाग पाहिलात आणि परत ठेवलेत. मागे उभे असलेले निरीक्षक पाहतच राहिले. इतक्या झटपट निकाल देणारा माणूस त्यांनी खात्यातही पाहिला नव्हता.