उड्डाणाआधीचा ओटीपी

लाल छत्री. नदीपलीकडच्या दवाखान्यात दिवस भरलेली धाकटी बहीण. रोज दुपारी अख्ख्या गल्लीच्या झोपेचं खोबरं करणारा भाजीवालीचा आवाज. ड्रोनच्या पेटीवर छापलेलं वाक्य : ‘टॉवर पडले तरी आम्ही उभे.’

पुराने गावातले सगळे मोबाइल टॉवर बंद पाडले होते. अर्धं गाव छपरांवर बसलं होतं. आपत्ती कार्यालयाच्या गच्चीवर ताई ड्रोन घेऊन सज्ज होती. तो वर जाऊन टॉवरचं काम करू लागला की सगळ्यांचे फोन लागणार होते. ताईला एकच लावायचा होता, बहिणीला. तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘अधिकाऱ्यांच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’

“साहेब, आला का?” ताईने शेजारी उभ्या अधिकाऱ्यांना विचारलं.

“कसा येईल? नेटवर्क कुठंय?”

“नेटवर्कसाठीच तर उडवतोय ना!”

“मग उडव की.”

“ओटीपी द्या.”

ड्रोन कंपनीशी थेट उपग्रहावरून बोलत होता. माणसांशी मात्र मोबाइलवरूनच.

रेंज होती ती फक्त पलीकडे, दवाखान्याच्या पायरीशी. साहेब छत्री घेऊन होडीत बसले. “रेंज आली की छत्री हलवतो. तू बटण दाब.”

छत्री हलली. ताईने बटण दाबलं. ओटीपी आला. तो इकडे कळवायचा कसा, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं.

साहेबांनी बोंब ठोकली. अलीकडच्या काठावरच्या पहिल्या छपरावर भाजीवाली होती. तिने आकडे झेलले आणि पुढे फेकले. “चार! शून्य! नऊ!” छपरामागून छप्पर ओरडत गेलं. ताईने आकडे भरले.

‘मुदत संपली आहे.’

“पुन्हा मागवतेय, साहेबांना सांगा!” ताई ओरडली. पण एव्हाना छपरांना चटक लागली होती.

“आजोबांच्या गोळ्या पाठवा!”

“पिवळ्या घरात म्हातारी अडकलीय!”

होड्या ऐकत होत्या, वळत होत्या, माणसं काढत होत्या. नवा ओटीपी मधेच कुठेतरी अडकला.

“अहो, ओटीपी जाऊ द्या पुढे!”

“ओटीपीवाल्यांनी थांबा! आधी गोळ्या!”

ताई ड्रोनशेजारी बसली. अंधार पडायच्या सुमारास भाजीवालीचा आवाज आला आणि सगळी छपरं गप्प झाली.

“ड्रोनवाल्या ताईला सांगा, भाची झाली! दोघी ठणठणीत! आणि साहेब विचारतायत, छत्री अजून हलवायची का?”

ड्रोनची चाचणी उन्हाळ्यात झाली होती. त्या दिवशी गावात नेटवर्क फुल होतं.