पॅकिंग खाऊ नये

नवे पॅकिंग पाण्यात विरघळते हे हिरवेसाहेबांनी बैठकीत बादली आणून सिद्ध केले. मक्याच्या पिठाचे पांढरे, पोकळ, बोटभर लांबीचे नळे पाण्यात पडताच दिसेनासे झाले. तिथेच थांबले असते, तर पुढचे रामायण टळले असते. पण मोठ्या साहेबांनी विचारले, "हे उकिरड्यावर गेलं आणि गुरांनी खाल्लं, तर?"

"गुरांचं सोडा, सर, मी खातो!" असे म्हणून हिरवेसाहेबांनी एक नळा तोंडात टाकला. कुर्रम असा आवाज झाला. टाळ्या पडल्या.

"चव कशी आहे?" हिशेबनीसांनी विचारले.

"चव अशी काही नाही."

"म्हणजे मीठ पाहिजे," हिशेबनीस म्हणाले. बैठकीतले बाकी सगळे बोलणे लोक विसरले. एवढे एक वाक्य मात्र कोणी विसरले नाही.

कंपनी रक्तदाब मोजायची यंत्रे बनवत होती. ही नाजूक यंत्रे इतकी वर्षे थर्माकोलमध्ये बसून दवाखान्यांत जात. 'कंपनीने आता पृथ्वीचीही प्रकृती सांभाळावी' असे ठरले तेव्हा ते काम पॅकिंग विभागातल्या या गृहस्थांकडे आले. त्यांनी ते इतके मनावर घेतले की लोक त्यांचे खरे नाव विसरले. आधी त्यांना सगळे 'हिरवटसाहेब' म्हणायचे. त्या शब्दाचा दुसरा अर्थ बायकोने कानावर घातल्यावर त्यांनी स्वतःच ते 'हिरवेसाहेब' करून घेतले.

पहिल्या आठवड्यात चहाबरोबर दोन-चार नळे गेले. मग हिशेबनीसांच्या खणात मिठाची डबी आली, शेजारच्या टेबलावर मिरपूड आली. माल रवाना करणाऱ्या बायकांनी तर ते उपाहारगृहात लोण्यावर परतून आणले, आणि त्या दिवसापासून कारखान्याला ताळतंत्र राहिले नाही. नळ्यांचे पोते दुपारपर्यंत तळाला जाऊ लागले. हिरवेसाहेबांनी भिंतीवर सूचना लावली: 'पॅकिंग खाऊ नये.' संध्याकाळी कोणीतरी मध्ये दोन शब्द घुसडले. सूचना झाली: 'पॅकिंग रिकाम्या पोटी खाऊ नये.'

खरे तर हिरवेसाहेबही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पोत्यांची पाहणी करताना त्यांचा हात आत जाई तो मूठ भरूनच बाहेर येई, आणि ती मूठ हिशेबनीसांच्या मिठाच्या डबीकडे वळे. घरी जेवताना ते म्हणाले, "भाजी अळणी झालीय गं."

"पोरांना खारट लागतेय, मला खारट लागतेय, तुम्हाला एकट्यालाच अळणी?" बायको म्हणाली. "बाहेर कुठे तोंड मारून येताय?"

आता या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक यंत्र बाहेर पडण्यापूर्वी कर्मचाऱ्यांपैकीच कोणाच्या तरी दंडाला बांधून पाहायचे. तपासणीच्या मुख्य बाई फार कडक. त्यांनी एक यंत्र गाडीच्या ड्रायव्हरला लावले. आकडा चढा आला. दुसरे स्वागतकक्षातल्या बाईंना लावले. या बाई म्हणजे शांतीचा पुतळा. इमारतीला आग लागली असती, तरी तिला 'कृपया थांबा' म्हणाल्या असत्या. त्यांचाही आकडा चढा! तिसरे, चौथे, दहावे यंत्र, तोच प्रकार.

"यंत्रं बिघडलीत," तपासणीच्या बाईंनी जाहीर केले. "एकही बाहेर जाणार नाही."

इंजिनिअरांनी यंत्रे उघडली, पुसली, मिटली. मोठे साहेब इंजिनिअरांवर ओरडले, इंजिनिअर पुरवठादारांवर ओरडले, आणि मग सगळ्यांनी पुन्हा दंड पुढे केले. आकडे आणखी चढले. शेवटी कोणीतरी म्हणाले, "पॅकिंग बदललं तेव्हापासूनच हे सुरू झालंय." सगळ्यांच्या माना हिरवेसाहेबांकडे वळल्या. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितले, "उद्यापासून थर्माकोल. तुमची पृथ्वी नंतर बघू."

गोदामामागे थर्माकोलचा डोंगर होता, तो हिरवेसाहेबांनी हलवला होता. निवृत्तीनंतर सांगण्यासारखे आयुष्यात तेवढेच होते.

त्याच दुपारी ज्या इस्पितळाची यंत्रे अडकली होती तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः जाब विचारायला आल्या.

"दाखवा कुठलं बिघडलंय," असे म्हणून त्यांनी यंत्र स्वतःच्या दंडाला बांधले. आकडा अगदी नेमस्त. दुसरे बांधले, तेही तसेच. मग त्यांनी तेच यंत्र हिशेबनीसांना बांधले आणि आकडा पाहून चष्मा सारखा केला.

"यंत्रं ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "माणसं बिघडलीत. काय खाता तुम्ही सगळे?"

इतक्यात स्वागतकक्षातल्या बाईंच्या तोंडून कुर्रम असा आवाज आला.

डॉक्टरीणबाईंनी मग एकेकाची झाडाझडती घेतली. मिठाच्या डब्या जप्त झाल्या, रोज चालायला जायचा हुकूम सुटला आणि यंत्रे संध्याकाळीच रवाना झाली, मक्याच्या नळ्यांत बसून. थर्माकोल परत आला नाही. फक्त एक अट पडली: नळ्यांना कोणी तोंड लावता कामा नये.

हिरवेसाहेबांनी पिठात एक निरुपद्रवी पण जहरी कडू अर्क मिसळून घेतला. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, ही म्हण हिशेबनीसांनी नळ्यांवर अजमावून पाहिली आणि दिवसभर चुळा भरल्या. पोती भरलेली राहू लागली. महिन्याभरात सगळ्यांचे आकडे खाली आले, घरची भाजी हिरवेसाहेबांना खारट लागू लागली आणि बायको निश्चिंत झाली.

अशा सुखाच्या दिवसांत एकदा मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतले, दार लावले आणि खुर्ची जवळ ओढली.

"नवे नळे फार कडू आहेत म्हणे?"

"विष, सर! कोणी हात लावत नाही."

"छान, छान." साहेबांनी आवाज खाली आणला. "काय आहे, माझी शुगर जरा वर गेलीय. सासूबाईंची तर केव्हाचीच. कडू खाल्लं की उतरते म्हणतात. तेव्हा एक पोतं गुपचूप माझ्या गाडीत ठेवायला सांगा."

हिरवेसाहेब उठून दाराकडे वळले.

"आणि हे बघा," साहेब म्हणाले, "जेवणाआधी घ्यायचे, की नंतर?"