तिरळ्या राजाची मागणी

माझं नाव निकानोर चुक. आडनावावर जाऊ नका! आमच्या युकातानात प्राचीन माया राजांवर सिनेमा निघाला, तेव्हा इतिहासाचा सल्लागार म्हणून मलाच बोलावलं. मी पहिल्याच दिवशी ठणकावलं, "या सिनेमात कोणी एक चूक काढून दाखवावी!"

कोंबड्या स्पॅनिश लोकांनी आणल्या, म्हणून सेटवरच्या सगळ्या कोंबड्या मी हाकलल्या. मग राजाकडे वळलो.

"राजा तिरळा हवा," मी दिग्दर्शिका इर्माबाईंना सांगितलं. "आपले पूर्वज बाळाच्या डोळ्यांसमोर मणी टांगायचे. जितका तिरळा, तितका देखणा!"

हे ऐकून आमचा देखणा नायक जो उठला, तो थेट विमानतळावर गेला.

"आता राजा कोण?" इर्माबाई कडाडल्या. "तूच हो! उद्यापर्यंत डोळे तिरळे करून ये!"

मी केसांना मेणाचा मणी बांधून दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो. संध्याकाळी डोळे असे काही जुळले, की सुटेचनात! आणि त्याच संध्याकाळी रुफिना कानुलला मागणी घालायला जायचं होतं. रुफिनावर माझा शाळेपासून जीव! आईने गोड पाव आणि चॉकलेट टोपलीत भरून ठेवलं होतं. मुलीकडच्यांनी पाव मोडला, की सोयरीक पक्की.

कानुलांच्या अंगणात मी रुफिनाकडे बघत तिच्या वडिलांना म्हणालो, "काका, मला ही द्या."

"अरे, ही माझी बहीण!" काका दचकले.

रुफिनाची फिदेलियाआत्या! दोन नवऱ्यांना पोचवून माहेरी आलेली! "अगं बाई!" म्हणत तिने चटकन पाव मोडला आणि खाल्लासुद्धा!

"आत्या, तुम्ही नाही हो! ती!" मी ओरडलो. पण मला आता दोन रुफिना दिसत होत्या. उजवीकडच्या रुफिनाकडे मी बोट केलं. तिथे तिचे आजोबा बसले होते.

"मला नको रे बाबा," आजोबा म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."

रुफिना उठली आणि तरातरा आत गेली. दोघीही गेल्या!

रात्रभर रडलो. पण म्हटलं, पडद्यावर राजा झालेला बघून तरी विरघळेल. सकाळी सेटवर सिंहासनावर बसलो.

"तोंड बाजूला वळव," इर्माबाई म्हणाल्या. "अजून. हां! जुन्या शिल्पांत राजाचा चेहरा असा एका बाजूनेच दिसतो. उगाच चूक नको!"

"पण बाई, मग एकच डोळा दिसणार!"

"दिसू दे की."

"अहो, एकटा डोळा तिरळा कसा दिसेल?"

"ते तू आधी सांगायचंस!" बाई म्हणाल्या. "सल्लागार कोण आहे?"

चार दिवसांनी डोळे सरळ झाले. तसाच कानुलांकडे धावलो. दारातच फिदेलियाआत्या! तिने मला नीट निरखलं.

"सरळ झाले होय?" तिने नाक मुरडलं. "अगदीच चारचौघांसारखा दिसतोस रे! तिरळा होतास तेव्हा कसा राजबिंडा होतास! जा, सोयरीक मोडली."

आनंदाने मी तिच्या पायाच पडलो. "रुफिना!" मी हाक मारली. "सुटलो गं! आता तू हो म्हण!"

रुफिनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"निकानोर, आमच्या आत्याने आजवर दोन नवरे चालवून घेतले, त्यातला एक रोज तिला मेव्हणी समजायचा. तिलासुद्धा जो चालला नाही, तो मी कसा चालवून घेऊ?"