निळोपंतांनी दरबार सोडिला आणि आवाज मागें राहिला, त्याची हकिकत

श्री. ज्यानें डाव मांडिला आणि वेळ होतांच मोडिला, त्या जगन्नियंत्यास प्रथम नमन. जो हरून घरीं गेला त्यास नमन, आणि जो जिंकून एकटाच पटापाशीं बसून राहिला त्यासही नमन. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशीं निळोपंत खेळकर्ते यांणीं दरबार सोडिला. सेवक त्या दरबारीं जुना कारकून, जें पाहिलें तें लिहितो. पदरचें घातलें नाहीं. जेथें राग आला तेथें राग लिहिला आणि जेथें रडूं आलें तेथें तेंही लिहिलें.

राज्य ऐसें कीं त्यांत जमीन नाहीं, गड नाहीं, तोफ नाहीं. काचेची पाटी हातीं धरून बोटानें खेळावे ऐसे खेळ रचावे आणि मुलुखोमुलुखीं धाडावे, हाच दरबाराचा उद्योग. थोरले श्रीमंत गादीवर असतां निळोपंत चाकरीस राहिले, वय चोविसाचें, अंगांत एकच धड सदरा आणि डोक्यांत खेळच खेळ. त्यांणीं बावीस वर्षांत नऊ खेळ रचिले आणि नवाचे नऊ गाजले, इतके कीं बोहल्यावर चढायचा नवरदेव पाटी घेऊन न्हाणीघरांत सांपडला आणि मुहूर्त टळतां टळतां राहिला. परंतु पंतांचा एक नेम असे. खेळ कितीही मोठा असो, त्यास शेवट असलाच पाहिजे. जो खेळ संपत नाहीं तो खेळ नव्हे, कोंडवाडा, ऐसें म्हणत. म्हणोन प्रत्येक खेळाचे शेवटीं एक अंगण येई, अंगणांत दिवा, आणि आंतून एका बाईमाणसाचा आवाज येई, "पुरे आता. हातपाय धुवा नि जेवायला चला." मग पाटी काळी होई आणि घटकाभर तो खेळ उघडतच नसे. आयाबाया पंतांस दुवा देत, आणि पोरें शिव्या देत देत कां होईना, जेवावयास उठत.

तो आवाज पंतांच्या मातोश्री द्वारकाबाई यांचा. पहिले खेळाचे वेळीं पंतांनीं त्यांस दरबारीं आणिलें, आणि भानजी नादनीस, ज्यांजकडे सर्व नाद आणि आवाज यांचा कारभार, त्यांणीं कोठडीच्या भिंतींस गोधड्या टांगून यंत्र मांडिलें. पंतांनीं बाईंस मोठें भारदस्त भाषण लिहून दिलें होतें, "हे वीरा, तुझी यात्रा सुफळ जाहली" वगैरे. बाई सात वेळां अडखळल्या आणि आठवे वेळीं चष्मा काढून म्हणाल्या, "पुरे आता. हातपाय धुवा नि जेवायला चला. पिठलं निवतंय." यंत्र चालूच होतें. भानजींनीं पिठलें तेवढें कापिलें आणि बाकीचें ठेविलें, आणि तेंच मुलुखांत गाजलें. मग दरबारच्या शिरस्त्याप्रमाणें कारकून कागद घेऊन गेला, कीं हा आवाज यावच्चंद्रदिवाकरौ दरबारचा. बाईंची सही आजवर कोणीं मागितली नव्हती. त्यांणीं पदर सांवरला, पूर्ण नांव घातलें, काना राहिला तो मागाहून दिला, आणि विचारिलें, "बरी आलीय ना?" पंतांनीं कागद आपल्या हातें सरळ धरिला होता, वाचिला मात्र नाहीं. कागद नेणारा कारकून हाच सेवक. त्यानें वाचिला होता आणि तो बोलिला नाहीं.

पुढें द्वारकाबाई निवर्तल्या, त्यास तीन वर्षें जाहलीं, आणि त्याच सुमारास थोरले श्रीमंतही गेले आणि धाकटे श्रीमंत गादीवर आले. त्यांणीं पंतांस बोलावून आज्ञा केली जे, दहावा खेळ ऐसा रचावा कीं त्यास शेवट नाहीं. पंत म्हणाले, "श्रीमंत, माणूस उठणार कधी?" श्रीमंत हांसून बोलिले, "न उठावं म्हणूनच तर खेळ करायचा, पंत. उठलेला माणूस शेजारच्या दरबारात जातो." पंत घरीं गेले, आठ दिवस आले नाहींत, आणि नववे दिवशीं येऊन राजीनामा ठेविला. वस्त्रें नकोत, निरोपाचा समारंभ नको, नवही खेळ दरबारचे ते दरबारास लखलाभ. मागणें एकच केलें. "आईचा आवाज तेवढा मला द्या." श्रीमंतांनीं कागद मागविला आणि सेवकानेंच तो काढून दिला. श्रीमंत सही पाहून म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो." मग कागद पुन्हां दप्तरांत गेला आणि पंत जिना उतरले. भानजी पंतांबरोबर नव्या ठाण्यास जावें म्हणून फाटकापर्यंत गेले, पुढें जाववेना. घरीं पत्नी आजारी, तिचें औषधपाणी दरबारच्या सोयीनें चाले. पंतांनींच त्यांस मागें फिरविलें, म्हणाले, "वहिनींना आधी बघा. ठाणं काय, कुठं पळून जातंय?"

नवें ठाणें म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. पंत आणि तिघे चितारी, यंत्रांवर पीठ बसे आणि गिरणी लागली म्हणजे चहाचे पेले हालत. तरी तीन महिने काम धडाक्यानें चाललें आणि खेळ शेवटापर्यंत आला. तों चैत्रांत दरबारचा दहावा खेळ निघाला. त्यांत अंगण तेंच, दिवा तोच, आणि खेळणारा उठूं लागला कीं द्वारकाबाईंचा आवाज म्हणे, "इतक्यात कुठं उठतोस? बस अजून. एकच डाव." बाई हें जन्मांत बोलल्या नव्हत्या. श्रीमंतांनीं भानजींस आज्ञा केली, भानजींनीं दोन दिवस चालढकल केली, आणि तिसरे दिवशीं यंत्राकरवीं त्या जुन्या आवाजाकडून नवीं वाक्यें बोलवून घेतलीं. कागदावर सही होतीच.

पंत संतापतील, फिर्याद करितील, अखबारवाल्यांस बोलावतील, ऐसें सर्वांस वाटलें. तसें कांहींच जाहलें नाहीं. पंतांनीं तो खेळ उघडिला आणि ते खेळत बसले. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. चितारी येत, शेवट कधीं करायचा म्हणून विचारीत, आणि हात हालवून पंत त्यांस गप्प करीत. ही खबर भानजींस लागली, तेव्हां भर दुपारीं ते ठाण्यावर गेले, आणि डबा घेऊन सेवकही मागोमाग गेला. पंत दाढी वाढलेले, पाटी हातीं, कोपऱ्यांत बसलेले. भानजी दारांतच म्हणाले, "पंत, ते माझ्या हातचं पाप आहे."

पंतांनीं वर पाहिलें नाहीं. म्हणाले, "भानजी, तीन वर्षांनी आई काहीतरी नवं बोलली. ती नाही, हे मला कळतं. पण पुढं काय म्हणेल, म्हणून बसतो."

"पुढं काही नाही, पंत. मी सातच वाक्यं केली. सातही ऐकली असाल तुम्ही."

"पहिल्याच दिवशी ऐकली," पंत म्हणाले. "तरी आठवं येईल असं वाटतं."

तें ऐकून सेवक उंबऱ्यावर बसला. भानजींनीं डबा घेतला, उघडला, कागदावर भाकरी मांडिली आणि पिठलें वाढिलें. मग आपल्या बसक्या, चिरक्या आवाजांत, ज्यानें उभ्या जन्मांत दुसऱ्यांचेच आवाज सांवरले आणि आपला कधीं ऐकविला नाहीं, ते म्हणाले, "पुरे आता. हातपाय धुवा नि जेवायला चला. पिठलं निवतंय." पंतांचें बोट थांबलें. पाटींतून आवाज आला, "इतक्यात कुठं उठतोस?" पंतांनीं बराच वेळ ती पाटी छातीशीं धरिली, मग पालथी घातली आणि मोरीवर गेले. तेथें पाणी पुष्कळ वेळ वाजत होतें. मग पंत, भानजी आणि सेवक तिघेही जेवले. पिठलें निवलेंच होतें.

सारांश: नव्या ठाण्याचा पहिला खेळ आषाढांत निघाला, फार गाजला नाहीं. त्याचे शेवटीं पाटी काळी होते, मोरीवर पाणी वाजतें, ताट मांडल्याचा आवाज येतो, आणि हांक कोणी मारीत नाहीं. भानजी अद्याप दरबारीं आहेत, पत्नी अंथरुणावर आहे. दरबारचा दहावा खेळ मुलुखोमुलुखीं चालूच आहे आणि द्वारकाबाई लाखों पोरांस उठूं नको म्हणून सांगत आहेत. तो कागद सेवकाच्या दप्तरांत आहे. सही खरोखर बरी आली आहे, हें त्या दिवशीं बाईंस सांगावयाचें राहिलें. लिहिणें पुरे जाहलें, पान वाढलें आहे, सेवक उठतो.